पहिली रात्रभराची सायकल राईड: जळगाव-धुळे-जळगाव साठी तयारी कशी करायची

दिवसा ऐंशी-शंभर किलोमीटर मारणारे बरेच जण आता विचारतात की रात्रभर चालवायची असेल तर काय वेगळं करावं लागतं. खानदेशात हा प्रश्न येणारच. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास खेळतो, अन् एरवीही वर्षातले कितीतरी महिने सकाळी दहानंतर डांबरावर सायकल नकोशी होते. लांब जायचं तर रात्रच बरी.

पण एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या. नवीन माणूस पायांची तयारी करतो, आणि रात्री पाय सगळ्यात शेवटी दगा देतात. त्याच्या आधी झोप येते, मग पोट बिघडतं, मग लाईटची बॅटरी संपते, हात बधिर होतात, बसायची जागा सोलपटते. ज्यांनी राईड अर्ध्यात सोडली त्यांना विचारा, मांड्या दुखल्या म्हणून सोडली असं सांगणारा क्वचित भेटेल. म्हणून खाली पायांबद्दल कमी आणि बाकीच्याबद्दल जास्त लिहिलंय.

रस्ता कुठला

पहिल्या वेळी जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे आणि परत, हाच धरा. जायला साधारण ९० ते ९५ किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन १८०-१९०. धुळेकरांनी उलटं करावं. सुरत-नागपूर हायवे, जुना सहा नंबर, आताचा ५३. चौपदरी झाल्यापासून कडेला जागा मिळते, मोठा चढ नाही, आणि मुख्य म्हणजे थोड्या थोड्या अंतराने ढाबा नाहीतर पेट्रोल पंप आहे. पाणी, उजेड, माणसं. पहिल्या रात्री एवढंच पाहिजे.

आतले रस्ते दिवसा सुंदर आहेत, चोपडा-शिरपूर-शहादा बाजूचा सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता तर फारच, पण रात्री तिथे गावागावात कुत्री, खड्डे दिसत नाहीत, मदत लांब. सातपुड्याचा पायथा आणि चाळीसगावकडचा गिरणा पट्टा इथे बिबट्याचा वावर असतो हे पण लक्षात ठेवा. तोरणमाळचा घाट किंवा कन्नडचा घाट रात्री नकोच, ते दिवसाउजेडीच करा.

हायवेला धोका नाही असं अजिबात नाही. रात्री सगळ्यात वाईट म्हणजे कडेला उभा केलेला ट्रक, ना पार्किंग लाईट ना रिफ्लेक्टर, आणि तुम्ही नेमके कडेनेच जाताय. त्यानंतर कापसाने ओसंडलेल्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरला मागे लाल दिवा नावाला पण नसतो. तिसरं म्हणजे उलट्या दिशेने येणारी बाईक, दुभाजकातला लांबचा कट वाचवायला, तीही तुमच्याच पट्ट्यातून. गिरणेवरच्या बांभोरी पुलाच्या आजूबाजूला वाळूच्या गाड्या रात्री सुसाट असतात. तिथे दोघं शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही, एकामागे एक.

आणि हा रस्ता आधी एकदा दिवसा बघून घ्या, सायकलवर नाही जमलं तर एसटीत खिडकीला बसून. कुठला ढाबा रात्रभर चालू असतो, कुठे सर्व्हिस रोडला उतरावं लागतं, कुठे पुलाच्या जोडावर फट आहे, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

कधी जायचं

कोजागिरीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ चांगला. त्यातही पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस गाठता आले तर उत्तम, ढग नसतील तर चांदण्यात रस्त्याची कड दिसते आणि मनाला बरं वाटतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र थंडी कमी समजू नका, धुळ्याचा पारा १० च्या खाली जातो, आणि सायकलवर वारा लागून ती अजून बोचते. एप्रिल-मे मध्ये रात्री निघालं तरी बारा-एकपर्यंत डांबर तापलेलंच असतं, पाणी दुप्पट लागतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या राईडला बघा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, धुळ्याकडे जाताना सगळा तोंडावर, शिवाय पाण्याखालचा खड्डा. नको.

आधीचे दोन-तीन महिने

आठवड्यातून दोन दिवस तास-दीड तास आणि रविवारी एक लांब राईड, एवढं पुरतं. रविवारची राईड ४० पासून सुरू करून दर आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटरने वाढवत १२० पर्यंत न्या, मध्ये दर चौथ्या आठवड्याला कमी करा. सलग १२० आरामात होत असतील तर १९० होतात, रात्रीचा वेग कमीच असतो. चढाची सवय पाहिजे तर जळगावकरांनी एरंडोलहून पद्मालयाकडे जावं, धुळेकरांना मुंबई-आग्रा रोडवरचा लळिंग घाट घराजवळच आहे.

या दोन-तीन महिन्यांत निदान दोन राईड अंधारात करा, तीस-चाळीस किलोमीटरच्या, तेच लाईट, तीच बॅग, तेच कपडे घालून. अंधारात वेगाचा अंदाज चुकतो, समोरच्या गाडीच्या अप्परने डोळे दिपतात, आणि पाण्याची बाटली काढून परत ठेवायची एवढी साधी गोष्ट पण हाताला नव्याने शिकावी लागते. गाडी समोरून आली की तिच्या दिव्याकडे बघायचं नाही, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची.

लाईट

इथे कंजुषी करू नका, बाकी सायकल जुनी असली तरी चालेल.

पुढे पांढरा लाईट, अंधाऱ्या रस्त्यासाठी ४०० लुमेनच्या आसपास तरी. मागे लाल, तो पण दोन. एक सीटखाली सायकलला, दुसरा हेल्मेटला नाहीतर बॅगला, कारण मागचा बंद पडला तर तुम्हाला कळतच नाही. दोन्हीतला एक तरी स्थिर जळता ठेवा, नुसत्या लुकलुकत्या दिव्यावरून मागच्या ड्रायव्हरला अंतर नीट समजत नाही. पुढचा लाईट थोडा खाली झुकवा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात गेला तर तोच तुमच्या अंगावर येईल.

खोक्यावर लिहिलेल्या तासांवर जाऊ नका. घरी पूर्ण चार्ज करून, ज्या मोडवर चालवणार त्याच मोडवर संध्याकाळी लावून ठेवा आणि किती वाजता विझतो ते बघा. डिसेंबरात अंधार बारा-तेरा तासांचा असतो. बहुतेक लाईट एका चार्जवर एवढे चालत नाहीत, म्हणून पॉवरबँक पाहिजे, आणि चालू असताना चार्ज होतो की नाही हे पण तपासा, काही लाईट होत नाहीत. स्पेअर म्हणून एक छोटा टॉर्च, पंक्चर काढायला डोक्याला लावायचा असला तर सोन्याहून पिवळं.

रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालाच, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते साधं पण चालतं. त्यापेक्षाही घोट्यांना रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या बांधा. पॅडल मारताना त्या वर-खाली होतात, आणि लांबून येणाऱ्या ट्रकवाल्याला समोर सायकलवाला आहे हे लगेच समजतं. हेल्मेटबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी.

सायकल आणि पंक्चर

राईडच्या आठ दिवस आधी सर्व्हिसिंग, आदल्या दिवशी नाही. नवीन सीट, नवीन बूट, नवीन टायर या राईडला काढायचं नाही, काय बदलायचं ते महिनाभर आधी बदला. ब्रेक पॅड, चेनला तेल, टायरला कट आहेत का ते बघा. हवा टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेत, अंदाजाने सांगायचं तर २८ मिलिमीटर रुंद टायरला ८० पीएसआय, हायब्रिडच्या ३५ ला ६० च्या आसपास, माऊंटन बाईकला ४०. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा.

आपल्याकडे पंक्चर दोन गोष्टींनी होतं. गावाकडच्या रस्त्याला बाभळीचा काटा आणि सराटे, हायवेला मात्र तार. ट्रकचे टायर फुटून त्यांची जी चिंधी कडेला पडलेली असते त्यात केसासारख्या बारीक स्टीलच्या तारा असतात, ती एखादी टायरमध्ये घुसते, दिसत पण नाही, आणि तुम्ही नवीन ट्यूब टाकून निघालात की पाच किलोमीटरवर परत खाली. म्हणून ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, अगदी सावकाश, पूर्ण गोल, दोन वेळा. बोटाला टोचलं की टॉर्च मारून भुवयांच्या चिमट्याने ती तार बाहेरून उपसून काढा. हा दहा रुपयांचा चिमटा बॅगेत असलाच पाहिजे. आणि टायरची चिंधी दिसली की तिच्यावरून जाऊ नका, मागे बघून हळूच बाजूने काढा.

दोन ट्यूब, पॅच किट, टायर लिव्हर, पंप, मल्टीटूल, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, चार-पाच झिप टाय, थोडी चिकटपट्टी. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा पितळी अडॅप्टर घ्या, कारण हायवेच्या पंक्चरवाल्याकडे हवेची मशीन असते पण तिचं तोंड त्या व्हॉल्व्हला बसत नाही, आणि रात्री दोन वाजता त्याला समजावण्यात काही अर्थ नाही. घरी लाईट बंद करून एकदा मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून बघा. हे जमेपर्यंत निघू नका.

झोप

झोप त्याच रात्रीची नसते, आधीच्या दोन-तीन रात्रींची असते. त्या आधीच्या रात्री रोज सात-आठ तास झोपा. राईडच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास पडा, झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडा. शुक्रवारी दिवसभर ऑफिस करून, संध्याकाळी धावतपळत घरी येऊन, रात्री सायकल काढायची हा बेत नको, शनिवारी रात्री निघा म्हणजे रविवार हाताशी राहतो.

पहाटे तीन ते पाच ही वेळ अवघड. शरीराचं घड्याळ त्या वेळी झोपेकडेच ओढतं, तुम्ही कितीही फिट असा. लक्षणं ओळखा: एकाच ठिकाणी नजर खिळते, मागचा किलोमीटर कसा गेला आठवत नाही, सायकल आपोआप पांढऱ्या पट्ट्याच्या आत-बाहेर व्हायला लागते, सोबतच्या माणसाचा उगाच राग येतो. यातलं एकही झालं की पुढच्या उजेडाच्या ठिकाणी थांबा. गाणी लावून, तोंडावर पाणी मारून झोप जात नाही, पाच मिनिटं लांबते फक्त. एक चहा घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटांचा अलार्म लावून ढाब्याच्या खाटेवर आडवे व्हा, चहाचा परिणाम यायला साधारण तेवढाच वेळ लागतो, उठता तेव्हा दोन्हीचा फायदा मिळतो. वीस मिनिटांच्या वर झोपलात तर उठल्यावर जास्त जड वाटतं. आणि रस्त्याच्या कडेला, पुलाच्या कठड्याला टेकून झोपायचं नाही, कितीही डोळे मिटत असले तरी.

ढाब्यावर परवानगी विचारून घ्या, आपल्याकडची माणसं नाही म्हणत नाहीत. "कथा जाई राहिना भाऊ?" म्हणजे कुठे चाललास, असं विचारतील, धुळ्याहून सायकलवर परत चाललोय म्हटलं की पाणी पण आणून देतील.

खाणं-पिणं

निघायच्या दोन तास आधी जेवा, साधं. वरण-भात, खिचडी, दूध-पोळी. वरण-बट्टी तुपात चुरून खाऊन निघालात तर एरंडोलपर्यंतच पोट जड. आणि ढाब्यावरची शेवभाजी, तिच्या तर्रीचा वास कितीही ओढू दे, रात्री नाही. रात्री पचन मंद असतं, वाकून बसल्यामुळे पोटावर दाब असतो, तिखट-तेलकट सगळं घशाशी येतं.

भूक लागायची वाट न बघता दर पाऊण तासाला थोडं खायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, म्हणजे एक मोठं केळं आणि दोन-चार बिस्किटं असा हिशोब. केळी तर आपल्या घरचीच. दोन-तीनच्या वर मात्र बॅगेत ठेवू नका, चेपून काला होतो, वाटेत घ्या. बाकी राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणा चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर. गोड खाऊन खाऊन पहाटे तोंड विटतं, म्हणून काहीतरी खारट पण घ्या, खारे शेंगदाणे किंवा दशमी आणि चिमूटभर सुकी चटणी.

पाणी थंडीत कमी प्यायलं जातं, तहानच लागत नाही, आणि मग पहाटे डोकं दुखतं. तासाला अर्धा लिटर धरा, उकाड्यात पाऊण. दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, एकीत ओआरएस, आणि ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, जास्त घट्ट करून नाही.

कपडे

पॅडवाली शॉर्ट, आत काही घालायचं नाही, शिवण घासते. घासणाऱ्या जागी व्हॅसलीन नाहीतर खोबरेल, निघताना आणि परत धुळ्यात. वर दोन पातळ थर आणि एक वारा अडवणारं जॅकेट. जॅकेट चालवताना कमी लागतं, थांबल्यावर जास्त. घामेजलेलं अंग ढाब्यावर पाच मिनिटांत गार पडतं, म्हणून उतरल्या उतरल्या जॅकेट चढवा, चहा मागवायच्या आधी. गिरणा, अंजनी, बोरी, जिथे नदी-नाला येतो तिथे उतारावर गारठा एकदम वाढतो. फारच वाजलं तर ढाब्यावरचं जुनं वर्तमानपत्र मागून छातीवर जॅकेटच्या आत घाला, ही जुनी युक्ती आहे आणि ती चालते. बोटं झाकणारे ग्लोव्हज. मफलर नको, टोक सुटून चाकात जातं, कानटोपी हेल्मेटखाली बसते का ते आधी बघा.

हात बधिर व्हायला लागले तर हँडल पकडायची जागा बदलत राहा आणि दर अर्ध्या तासाने पॅडलवर उभं राहून दहा-बारा फेरे मारा, बुडालाही तेवढाच आराम.

सोबत कोण

एकट्याने नाही. तिघं-चौघं, त्यात एकाने तरी आधी रात्रभर चालवलेली असावी. वेग सगळ्यात हळू माणसाचा. निघायच्या आधीच ठरवा की कोणालाही, कुठेही, कारण न देता थांबता येईल आणि त्याला एकटं सोडायचं नाही. घरच्यांना लाईव्ह लोकेशन द्या आणि कुठल्या ठिकाणाहून मेसेज करणार ते सांगून ठेवा, म्हणजे मध्ये नेटवर्क गेलं तर आई रात्रभर जागी राहत नाही. गाडी असलेल्या एका मित्राला विचारून ठेवा, रात्री फोन केला तर येशील का म्हणून. खिशात चिठ्ठी: नाव, रक्तगट, घरचा नंबर. मोबाईलमध्ये ११२ आणि हायवेच्या मदतीचा १०३३. रोख चार-पाचशे रुपये सुटे.

कुत्रं मागे लागलं तर पळवायला जाऊ नका, अंधारात वेगात पडण्याचा धोका चावण्यापेक्षा मोठा. वेग कमी करा, मोठ्याने ओरडा, ऐकलं नाही तर उतरून सायकल मध्ये धरा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. चावलंच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि राईड तिथेच थांबवून सिव्हिलला, रेबीजची लस त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे.

प्रत्यक्ष रात्र

थांबण्यासकट ताशी पंधराचा हिशोब धरा. संध्याकाळी सातला जळगाव सोडा, नऊला एरंडोल, अकराला पारोळा, दीडच्या आत धुळे. पहिले दोन तास मुद्दाम हळू, बोलता येईल एवढ्याच श्वासावर, सुरुवातीला सगळ्यांना जोर आलेला असतो आणि तोच पहाटे महागात पडतो. मधले थांबे दहा मिनिटांचे, घड्याळ लावून. धुळ्यात पाऊण तास, गरम काहीतरी खा, बाटल्या भरा, लाईट चार्जिंगला लावा. परत फिरायचं की नाही ते इथे ठरवा, अंगात ताप वाटतोय, गुडघा टोचतोय, पोट नीट नाही, तर सकाळपर्यंत स्टँडवर बसून एसटीने या, नाहीतर मित्राला बोलवा. यात कमीपणा काही नाही.

साडेचारच्या आसपास पारोळा, डुलकी इथेच घेतलेली बरी. मग एरंडोल सात-सव्वासात.

आता एक गोष्ट या रस्त्याचीच आहे आणि ती कोणी सांगत नाही. धुळ्याहून जळगाव पूर्वेला. म्हणजे हिवाळ्यात सूर्य उगवला की तो समोरून तुमच्या तोंडावर. तुम्हाला खड्डा दिसत नाही ते एक, पण मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्या काचेवर पण तोच सूर्य आहे, त्याला तुम्ही दिसत नाही. त्यात तो पण रात्रभर जागा. हा तासभर मला मध्यरात्रीपेक्षा धोक्याचा वाटतो, कारण उजाडलं म्हणून सगळे निर्धास्त झालेले असतात. म्हणून सूर्य वर येताना एरंडोलला नाश्त्याला बसा, चांगला पाऊण-एक तास, पोहे खा, तो थोडा वर चढू द्या. निघताना मागचे दोन्ही लाल लाईट चालूच ठेवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट उकडलं तरी काढू नका, काळा चष्मा लावा. राहिलेले तीसेक किलोमीटर आरामात साडेदहापर्यंत होतात.

ही झाली आणि गोडी लागली तर पुढे ऑडॅक्सच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या राईड आहेत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, आणि ३०० पासून पुढे अंधारात चालवणं आलंच. तिथे हेल्मेट, लाईट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर सुरुवातच करू देत नाहीत, तुमच्याकडे ते सगळं आता असेलच.

घरी पोचल्यावर आधी पाणी, मग आंघोळ, मग जेवण, मग झोप. झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही, बाईक पण नाही, अगदी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत पण नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही टायर काढून परत एकदा आतून बोट फिरवा, एखादी तार अर्धवट घुसून बसलेली सापडू शकते.